वर्दी खुंटीला, तरी ड्युटी चालूच

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 28 नुसार रजेवर किंवा निलंबित नसलेला पोलीस सदैव कर्तव्यावरच मानला जातो. त्यामुळं येरमाळ्याच्या यात्रेत साध्या कपड्यातल्या शिपायानं पाकीटमार धरला तर कायद्याची आडकाठी नाही. मात्र भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी कारवाईच्या कायद्याचं, कलम 36 पाळावं लागतं: नावाची ओळख स्पष्ट दिसावी, अटकेचा मेमो करावा, त्यावर घरच्या किंवा गल्लीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष, आरोपीची सही. घोळ इथंच होतो. ओळखपत्र घरी, मेमो मागाहून ठाण्यात. आरोपीचा वकील नेमकं तेच धरतो.

घरच्या बांधाच्या भांडणात मात्र शिपाई नुसता भाऊबंद. तिथं वर्दीचा धाक दाखवला की विभागीय चौकशी ओढवलीच म्हणा.

पोलिसांना संघटना काढायला त्यांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा 1966 चा कायदा आडवा येतो: परवानगी नसेल तर दोन वर्षांपर्यंत कैद. पेपरात लिहिण्यावरही बंधन. कविताबिविता, म्हणजे निव्वळ साहित्यिक, कलात्मक किंवा शास्त्रीय लेखन असेल, तर तेवढी सूट.