फार्कलचे गुण कसे धरावेत आणि कुठे थांबावे

फार्कल खेळायला सहा साधे फासे, एक कागद आणि एक पेन्सिल एवढेच साहित्य लागते. दोन भिडू असले तरी खेळ रंगतो आणि सहा-सात जण असले तरी कोणाला फार ताटकळावे लागत नाही. ‘दहा हजार’ या त्याच्या दुसऱ्या नावातच उद्दिष्ट आले आहे, कारण १०,००० गुणांपर्यंत पोहोचण्यासाठीच सगळी धडपड चाललेली असते. नियम पाच-दहा मिनिटांत समजतात. मात्र गुण धरण्याच्या पद्धती इतक्या वेगवेगळ्या आहेत की त्या आधी ठरवल्या नाहीत तर ऐन भरात आलेला डाव वादात अडकतो. म्हणून मी खेळतो ती पद्धत येथे सविस्तर लिहीत आहे.

आपली पाळी आली की सहाही फासे एकदम टाकायचे. पडलेल्या दानात गुण देणारे जे फासे असतील, त्यांतला निदान एक फासा किंवा एक संच बाजूला काढणे सक्तीचे आहे. त्यानंतर उरलेले फासे पुन्हा टाकायचे की जमलेले गुण कागदावर चढवून पाळी पुढे द्यायची, हे भिडूने स्वतः ठरवायचे. टाकलेल्या फाशांपैकी एकालाही गुण मिळत नसेल तर त्या दानाला फार्कल म्हणतात. फार्कल झाला की त्या पाळीत तोवर जमलेले सगळे गुण जातात. आधीच्या पाळ्यांमध्ये लिहिले गेलेले गुण मात्र कायम राहतात.

सुटा एक पडला तर १०० आणि सुटा पाच पडला तर ५० गुण मिळतात. दोन, तीन, चार आणि सहा यांना एकेकटे असताना काहीच किंमत नसते. एकाच दानात तीन सारखे आकडे पडले तर त्या आकड्याची शंभरपट धरतात, म्हणजे तीन दुव्यांचे २००, तीन चौक्यांचे ४०० आणि तीन छक्क्यांचे ६००; तीन एक्के मात्र १,००० गुणांचे. चौथा सारखा फासा आला की ही रक्कम दुप्पट, पाचवा आला की चौपट आणि सहावा आला की आठपट करावी, असे मी मानतो. काही जण चार, पाच आणि सहा सारख्या फाशांना अनुक्रमे १,०००, २,००० आणि ३,००० असे ठरीव गुण देतात. एक ते सहा असे सगळे आकडे एकाच दानात पडले तर १,५०० गुण मिळतात. तीन जोड्यांनाही पुष्कळ ठिकाणी तेवढेच गुण दिले जातात, आणि ते मला पटत नाही. सहा फाशांची एकूण ४६,६५६ दाने संभवतात. त्यांपैकी ७२० दानांत सहाही आकडे वेगळे असतात, तर तीन वेगवेगळ्या जोड्या १,८०० दानांत पडतात. जे अडीचपट सहज घडते त्याला तेच बक्षीस देणे न्याय्य नाही, म्हणून तीन जोड्यांना ७५० गुण धरणारी पद्धत मी स्वीकारली आहे.

सर्वांत जास्त गैरसमज होतो तो एकाच दानाच्या अटीबाबत. पहिल्या दानातला एक एक्का बाजूला ठेवला आणि पुढच्या दानात आणखी दोन एक्के पडले, तर बाजूला तीन एक्के दिसतात खरे, पण त्यांचे गुण ३०० च होतात, १,००० नव्हे. मी हा खेळ नवखा असताना नेमक्या याच मुद्द्यावरून आमचा एक डाव अर्ध्यावर थांबला होता. तेव्हापासून पहिले दान टाकण्यापूर्वी हा नियम मी मोठ्याने सांगतो.

खेळातला खरा आनंद सहाही फासे कामी लागतात तेव्हा येतो. समजा पहिल्या दानात ३, ३, ३, ५, २, ६ पडले. तीन तिये आणि पाच मिळून ३५० गुण झाले आणि दोन फासे उरले. ते टाकल्यावर १ आणि ५ पडले, म्हणजे बेरीज ५०० झाली. सहाही फासे गुणांत आल्यामुळे ते सगळे पुन्हा उचलून तीच पाळी पुढे चालवता येते. आता २, २, ३, ४, ६, ६ असे दान पडले, तर त्यात एक नाही, पाच नाही, तिकडी नाही आणि जोड्याही दोनच आहेत. पाचशेच्या पाचशे गेले.

असे दान पडण्याचा धोका किती, हे मोजता येते. आमच्या पद्धतीने सहा फाशांवर फार्कल होण्याची शक्यता सुमारे २.३ टक्के आहे. पाच फाशांवर ती ७.७, चारांवर १५.७, तिनांवर २७.८, दोनांवर ४४.४ आणि एकावर ६६.७ टक्के होते. तीन फासे उरले असताना पुढच्या एका दानात सरासरी ८७ गुणांच्या आसपास पडतात, आणि जमलेले सगळे गमावण्याची शक्यता अठरात पाच असते. या दोहोंचा मेळ ३१२ गुणांच्या जवळ बसतो: त्याहून कमी जमले असतील तर टाकावे, जास्त असतील तर थांबावे. दोन फाशांसाठी हाच हिशेब ११२ गुणांवर येतो. मात्र दोन्ही फासे लागून सहाही परत हाती येण्याची संधी नवात एक असल्यामुळे ती मर्यादा प्रत्यक्षात बरीच वर सरकते. डावाच्या सुरुवातीला एवढे लक्षात ठेवले तरी पुरते.

नवख्या भिडूंकडून होणारी एक चूक मला विशेष सांगावीशी वाटते. पहिल्या दानात एक आणि पाच हे दोनच फासे गुणांचे असले, तर हात आपोआप दोन्ही फाशांकडे जातो. पुढे टाकायचेच असेल तर केवळ एक्का उचलावा आणि पाच फासे टाकावेत. पन्नास गुण सुटतात, पण धोका जवळजवळ निम्मा होतो. दोन पंजे पडले असतील तेव्हाही एकच उचलणे हिताचे असते.

खाते उघडण्यासाठी एकाच पाळीत ५०० गुण जमवावे लागतात, आणि तोवर थांबण्याची मुभा नसते. कागदावर प्रत्येकासाठी दोन रकाने आखावेत, एक त्या पाळीच्या गुणांचा आणि दुसरा एकूण बेरजेचा. केवळ बेरीज लिहीत गेल्यास चूक नेमकी कोणत्या पाळीत झाली हे शोधता येत नाही. पाळी चालू असताना गुण तोंडाने मोजावेत आणि भिडू थांबल्यावरच लिहावेत.

कोणीतरी १०,००० गाठले की बाकीच्या प्रत्येकाला एकेक शेवटची पाळी मिळते, आणि तिच्यानंतर ज्याचे गुण सर्वाधिक तो जिंकतो. या पाळीत वरचे सगळे हिशेब गैरलागू ठरतात. पुढच्याचे १०,४०० आणि आपले ८,९०० असतील तर १,४५० वर थांबून काहीच हाती लागत नाही. म्हणून एक फासा उरला तरी तो टाकायचाच.