गळलेला चरण

रजिस्टरमध्ये नोंद होती, ‘उंदीर ४, शेपटीचं टोक, घणसोली’. ही नोंद चुकीची आहे हे कळायला आम्हाला तीन दिवस लागले, आणि कळलं त्या दिवशी मी रात्री साडेआठपर्यंत लॅबमधून हलले नाही.

महाप्याच्या एमआयडीसीत आमची छोटी लॅब आहे. डीएनएचा क्रम वाचून द्यायचा, हे आमचं काम. बहुतेक नमुने दवाखान्यांचे, थोडे खाद्यपदार्थांचे. दर पावसाळ्यात कॉलेजची दोन-तीन मुलं शिकायला येतात. त्यांना मी नेहमी एकच काम देते: आपल्या आसपासचे सस्तन प्राणी घ्या आणि डीएनएवरून त्यांचं नातं लावून दाखवा. जिवंत प्राण्याला हात लावायचा नाही. मटणाच्या दुकानातला तुकडा चालतो, पिंजऱ्यात मेलेला उंदीर चालतो; बाकीच्यांचे क्रम जेनबँकेतून, म्हणजे डीएनए क्रमांच्या सगळ्यांना खुल्या साठ्यातून, उतरवून घ्यायचे. यंदा खारघरहून येणाऱ्या मुलीने चार उंदीर जमवले. चौथं पिल्लू घणसोलीत गटाराच्या कडेला पावसात भिजून मेलेलं सापडलं. तिने हातमोजे घालून शेपटीचं टोक कापलं, अल्कोहोलमध्ये टाकलं आणि मोबाइलवर एक फोटो काढून ठेवला.

आम्ही सायटोक्रोम बी हे जनुक वाचतो. मायटोकाँड्रियातलं, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या कणांतलं, ११४० अक्षरांचं. पहिल्या तीन उंदरांचं बरोबर आलं. चौथ्याचा क्रम संगणकाने जेनबँकेशी ताडून पाहिला आणि उत्तर दिलं, सनकस म्युरिनस, ९९ टक्के जुळणी. म्हणजे चिचुंद्री.

मुलगी रडवेली झाली. “मॅडम, माझ्याकडून सॅम्पल मिसळलं असणार.” मलाही तसंच वाटलं. पण मिसळलेलं सॅम्पल आलेखात दिसतं. हिरवी, निळी, काळी, लाल शिखरं एकावर एक चढतात. इथे प्रत्येक अक्षराचं शिखर एकटं, सरळ उभं होतं. तरी उरलेल्या तुकड्यातून पुन्हा डीएनए काढायला लावला. नवी रसायनं, शेजारी नुसत्या पाण्याची एक नळी. पाण्याच्या नळीत काही आलं नाही, चौथ्या नळीत पुन्हा चिचुंद्रीच आली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघी तो फोटो मोठा करून बघत होतो. आमच्या मावशी टेबल पुसायला आल्या. त्या साताऱ्याकडच्या, मालक मार्केटला माथाडी, घणसोलीलाच राहतात. त्यांनी एकदाच पाहिलं.

“आवो ताई, ह्यो उंदीर न्हवं. चिचुंद्री हाय ही. त्वांड बघा की केवढं लांब. आन् डोळं बघा, मव्हरीएवढं.”

मग मलाही दिसलं. पुढच्या पायाला पाच बोटं, उंदराला तिथे चार असतात. कुरतडायचे मोठे दात नाहीत, नुसती टोकदार दातांची रांग. भिजल्यामुळे वास गेला होता, नाहीतर मुलीलाही कळलं असतं. मी तिला सांगितलं, वाईट वाटून घेऊ नकोस. प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७६६ मध्ये हिचं नाव ठेवलं तेही ‘म्युरिनस’, म्हणजे उंदरासारखी.

आमचं काम इथे संपलं असतं. पण मावशींनी फडकं खांद्यावर टाकलं आणि विचारलं, “मंग उंदीर हिचा कोन लागतो? चुलत का मावस?”

वंशवृक्षाचं सगळं शास्त्र या एका प्रश्नात आहे, आणि इतका नेमका प्रश्न मला वर्षानुवर्षांत कुणी विचारला नव्हता. मुलीने सायटोक्रोम बीवरून काढलेला वृक्ष पडद्यावर आणला. जवळची नाती चोख लागली होती. पण खोलवरच्या फांद्यांवर, जिथे उंदीर, माणूस, चिचुंद्री आणि गाय एकमेकांपासून फुटतात, तिथे आधाराचा आकडा होता ३८. म्हणजे तीच माहिती पुन्हा पुन्हा ढवळून शंभर वृक्ष काढले, तर ती फांदी जेमतेम अडतीस वेळा तशी येते. अशा फांदीवर मी सही करत नाही. हे जनुक भराभर बदलतं. कोट्यवधी वर्षांत एकाच जागी इतके बदल होतात, की जुनी खूण पुसली जाते. ज्यांचा डीएनए फार वेगाने बदलला ते प्राणी वृक्षात खोटेच एकमेकांना चिकटतात किंवा बुडाशी ढकलले जातात. १९९६ मध्ये मायटोकाँड्रियाच्या पूर्ण क्रमावरून गिनीपिग हा कृंतक, म्हणजे उंदीर-खारीसारखा कुरतडणारा प्राणी, नाहीच, असा निष्कर्ष मोठ्या नियतकालिकात छापून आला होता. पुढे जास्त जनुकं, जास्त प्राणी घेतल्यावर तो टिकला नाही.

म्हणून पेशीकेंद्रातल्या जनुकांकडे जावं लागतं. २००१ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे बरीच जनुकं एकत्र घेऊन अपरा (वार) असलेल्या सस्तन प्राण्यांची चार मोठी घराणी मांडली. जुन्या पुस्तकांत चिचुंद्री, जाहक (काटेरी हेजहॉग) आणि मादागास्करचा टेनरेक हा छोटा प्राणी, हे सगळे ‘कीटकभक्षी’ म्हणून एका ओळीत बसायचे. डीएनएने टेनरेकला उचलून हत्तीच्या घराण्यात नेलं. चिचुंद्री गेली गाय, घोडा, कुत्रा, वटवाघूळ, देवमासा यांच्याकडे. आणि उंदीर आला आपल्याकडे: माणूस, माकड, ससा, खार, उंदीर हे एक घराणं. आपला आणि उंदराचा सामाईक पूर्वज सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीचा. चिचुंद्रीची वाट त्याच्याही आधी वेगळी झालेली.

हे मी बोलत होते, पण मावशींच्या चेहऱ्यावर विश्वास नव्हता, आणि त्यांचं बरोबर होतं. मी सांगते म्हणून त्यांनी का मानावं? मग मला २००२ मधलं एक काम आठवलं. एससीए-१ नावाच्या जनुकात आपल्या घराण्यातल्या प्राण्यांच्या प्रथिनातून १८ अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतले दुवे, गळालेली आहेत, एकाला तीन याप्रमाणे डीएनएची ५४ अक्षरं. मुलीला म्हटलं, उतरव क्रम. माणूस, उंदीर, ससा, गाय, कुत्रा, आणि चिचुंद्रीच्या कुळातला युरोपातला श्रू.

क्रम एकाखाली एक लागले. मधोमध, पहिल्या तीन ओळींत अक्षरंच नव्हती, नुसत्या आडव्या रेघा. खालच्या तीन ओळींत अक्षरं भरलेली. मावशींनी पडद्याजवळ बोट नेलं. माणसाच्या ओळीवरून, मग उंदराच्या, मग सशाच्या. रिकाम्या जागेपाशी बोट थांबायचं.

“आमच्या भजनाच्या वह्यांचं आसंच हाय,” त्या म्हणाल्या. “एकीनं उतरवून घेताना मधला चरण गाळला. तिच्या वहीवरनं जिनं जिनं उतरवलं, तिच्या वहीत त्यो न्हाईच. आमी वही बघूनच सांगतो, कुनी कुनाचं बघून लिवलंय ते.”

मी गप्प झाले. हेच समजावायला मला दरवर्षी तीन स्लाइड लागतात. शब्दातलं एखादं अक्षर दोन जणी वेगवेगळ्या बसून चुकतील, पण नेमका तोच चरण, तिथूनच तिथपर्यंत, दोघींकडून आपापला गळणं अवघड. मुलगी म्हणाली, “मॅडम, म्हणजे उंदराने आणि आपण एकाच वहीवरून उतरवलंय.” मावशी हसल्या. मग म्हणाल्या, “मंग चिचुंद्रीच्या वहीत त्यो चरण हाय.”

त्यानंतर कुणाला घरी जायची घाई नव्हती. प्रायॉन प्रथिनाच्या जनुकातली सहा अक्षरांची दुसरी गळतीही काढून पाहिली. तीही त्याच घराण्यात. मावशींनी चहा केला, आम्ही तिघींनी पडद्यासमोरच प्यायला. त्यांनी सांगितलं, गावाकडे चिचुंद्रीची पिल्लं एकमेकांची शेपटीकडची बाजू दातात धरून आईमागून आगगाडीसारखी जाताना त्यांनी लहानपणी पाहिलीयत. मी हे फक्त वाचलं होतं.

मुलीने रजिस्टर उघडलं, ‘उंदीर ४’ वर एक रेघ मारली, शेजारी ‘चिचुंद्री’ लिहून तारीख घातली. खोडलेलं वाचता येईल अशीच रेघ मारायची, हा आमचा नियम आहे.

सोमवारी मावशी पिशवीतून तीन वह्या घेऊन आल्या. दोन वह्यांत एका अभंगाचा तिसरा चरण नव्हता. तिसरीत होता.