आई-मुलाच्या बोलण्याला कलम नाही

इंदूरच्या रामबागेतल्या एका काकूंचा मुलगा सहकारी पतसंस्थेत अकाउंटंट होता. अपहाराच्या गुन्ह्यात अटक झाली, पोलीस कोठडी संपली, जेल वारंट, म्हणजे तुरुंगात ठेवायचा कोर्टाचा हुकूम, निघाला. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६(५) लावलेलं, म्हणजे आरोपपत्राला पोलिसांच्या हातात ६० नाही, ९० दिवस. हे सगळं मी, त्याची वकील, काकूंना समजावलं. त्यांना एवढंच हवं होतं, की भेटता कधी येईल. (ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.)

मुलाकातीची नोंदणी आता ई-प्रिझन्सच्या पोर्टलवर होते. बंद्याचं नाव, वडिलांचं नाव, जेल, मोबाइलवर ओटीपी. फक्त नाव तेच लागतं जे जेलच्या नोंदीत आहे. तिथे ते वारंटावरून येतं आणि वारंटावर ठाण्याच्या मुंशीच्या कृपेनं. इंदूरला आरोपी लिहितात ‘अमका पिता तमका’. मराठी माणूस नाव, वडील, आडनाव एका दमात सांगतो आणि मुंशी त्यातलं झेपेल तेवढं उचलतो. या पोराच्या वडिलांचं नाव सदाशिव, कागदावर झाले शिवदास. आडनाव गुल. काकू भाचीला बसवून रात्री उशिरापर्यंत सदाशिव शोधत होत्या. सापडेना, तेव्हा पोराला दुसरीकडे हलवलं की काय म्हणून सकाळी सातला माझ्या दारात. मी वारंटाची नक्कल काढली आणि चुकीच्या नावानंच नोंदणी करून दिली. दुरुस्तीचा अर्ज मागाहून देता येतो. नवे वकील आधी अर्ज लावतात आणि घरचे बसतात ताटकळत.

मग पिशवी. शेव, गुळपोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्या, स्वेटर. जुन्या, १८९४च्या कारागृह कायद्याचं ३१वं कलम म्हणायचं, की दोषी न ठरलेल्या कैद्याला बाहेरून अन्न, कपडे, अंथरूण घेता येतं, तपासणी आणि नियमांच्या अधीन राहून. हे कलम मला तोंडपाठ आहे आणि फाटकावर त्याचा आजवर काडीचा उपयोग झालेला नाही. त्या दिवशी ड्यूटीवर कोण आहे त्यावर शेवेचं भवितव्य ठरतं. गोळ्यांचं मात्र बिनसू देत नाही मी: डॉक्टरची चिठ्ठी, मूळ वेष्टनातल्या गोळ्या, आणि मुलाच्या हातात द्यायचा हट्ट न धरता जेलच्या दवाखान्यासाठी जमा करायच्या. सुट्या गोळ्या पुडीत बांधून आणल्या तर त्या परत येणारच, आणि तिथे प्रहरी बरोबर असतो.

काकूंनी बोलायच्या गोष्टी वीजबिलाच्या पाठीवर लिहून आणल्या होत्या. निवृत्त शिक्षिका, अक्षर मोत्यासारखं. जेवण कसं आहे. झोप लागते का. गच्चीचा नळ दुरुस्त केला. पोस्टाचं पासबुक कुठे आहे. आणि खाली, जरा जागा सोडून: पासवर्ड अजून कुणाला माहीत होता?

ती ओळ मी पेनानं खोडली. खाली काय होतं ते वाचता येऊ नये अशी खोडली.

हे मी प्रत्येक घरच्यांना सांगते. खटल्याबद्दल आत एक शब्द नाही. शेजारी दुसऱ्याची मुलाकात चालू असते, कर्मचारी ऐकत असतात. आणि ते नसते तरी, नवरा-बायकोतलं बोलणं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२८नं झाकलेलं आहे, वकील-अशिलाचं १३२नं. आई-मुलाचं कशानंच नाही. तिला समन्स निघालं तर तिनं ऐकलेलं तिला सांगावं लागतं. लोकांना हे पटत नाही, सगळ्यांनी सिनेमातली जेलं पाहिलेली असतात. काकूंनी मात्र लगेच मान डोलावली.

मुलाकात झाली. भाची म्हणाली, मावशी यादी सोडून एक अक्षर बोलली नाही.

तीन-चार दिवसांनी मी अशिलाला भेटायला गेले. जामिनाचं बोलायचं होतं. त्यानं फाइल उघडूच दिली नाही. “मॅडम, आईनं मला एकदाही विचारलं नाही, की तू केलंस का. नळाचं सांगत बसली. म्हणजे तिनं धरूनच चाललंय.” मी सांगितलं, की मीच मनाई केली होती. तो म्हणाला, “माझी आई कधीपासून कुणाचं ऐकायला लागली?”

सल्ला बरोबर होता आणि उद्याही मी तोच देईन. संध्याकाळी काकूंकडे गेले, म्हटलं पुढच्या खेपेला निदान ‘माझा तुझ्यावर विश्वास आहे’ एवढं तरी म्हणा, त्यानं काही बिघडत नाही.

काकू म्हणाल्या, “तू खोडलंस ते बरं केलंस गं. मी विचारलं असतं तर तो माझ्याशी खोटं बोलला नसता. आणि उद्या कोर्टात मला कुणी विचारलं तर मलाही बोलता येणार नाही खोटं.”

त्यांना काही ठाऊक आहे की नुसती धास्ती आहे, हे मी विचारलं नाही. विचारणारही नाही. फी काकूंनी दिलीय, वकीलपत्रावर सही मुलाची आहे. जामिनाच्या तारखेआधी मला परत आत जायचंय आणि तो पहिल्यांदा विचारणार, आई काय म्हणाली. ‘तिचा तुझ्यावर विश्वास आहे’ असं त्याला सांगितलं तर ते खरं असेल की नाही, हे मला अजून ठरवता येत नाहीये.