पारियांगान : जिथे लेक सासरी जात नाही

इंडोनेशियाच्या पश्चिम सुमात्रातल्या मरापी या जागृत ज्वालामुखीच्या दक्षिण उतारावर पारियांगान वसलंय. (जावा बेटावरचा मेरापी वेगळा. बातम्या वाचताना दोन्हींची हमखास गल्लत होते.) मिनांगकाबाऊ लोक या गावाला आपलं मूळ गाव मानतात. पूर्वज आधी इथे राहिले आणि मग डोंगर उतरत सगळ्या मुलखात पसरले, असं त्यांच्या पिढीजात कथा सांगतात. २०१२ साली एका अमेरिकन प्रवासी मासिकाने जगातल्या सुंदर गावांच्या यादीत पारियांगानचं नाव घातलं, तेव्हापासून पर्यटकांचा राबता वाढला. मला ओढ होती ती तिथल्या जमिनीच्या रिवाजाची. इथली भातखाचरं आणि घरं आईकडून मुलीकडे जातात. लग्न झालं तरी मुलगी घर सोडत नाही, नवराच तिच्याकडे राहायला येतो. आणि पाच वेळा नमाज पढणाऱ्या, अत्यंत श्रद्धाळू मुस्लिम समाजात हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय.

मुंबईहून क्वालालंपूर आणि तिथून पाडांग असा विमानाचा प्रवास. पाडांगचा विमानतळ लहानसाच आहे, पण त्याच्या छपरालाही म्हशीच्या शिंगांसारखी टोकं काढलेली आहेत. पुढे रस्त्याने तीन-साडेतीन तास. तिकडे शेअर गाडीला ‘ट्रॅव्हल’च म्हणतात. ती घरासमोर सोडते आणि वाटेत प्रत्येकाच्या पिशव्या, कोंबड्या, फणस सगळं सामावून घेते. पाडांग पांजांगच्या अलीकडे लेंबाह अनाईचा धबधबा अगदी रस्त्याला खेटून कोसळतो. हाच रस्ता मे २०२४ मध्ये वाहून गेला होता. मरापीचा डिसेंबर २०२३ मध्ये उद्रेक झाला, त्यात २४ गिर्यारोहक गेले. डोंगरावर साचलेली राख आणि दगड मे महिन्यातल्या त्या पावसाळी रात्री पाण्याबरोबर खाली आले आणि ६० पेक्षा जास्त माणसं दगावली. गाडीतल्या बाई हात करून दाखवत होत्या: इथे टपऱ्या होत्या, इथे पोहण्याचा तलाव होता. त्याच डोंगराच्या राखेवर त्यांचा भात पिकतो, हेही त्यांनीच सांगितलं.

गाव पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जातं. वर घरं, मध्ये जुनी मशीद, खाली खाचरं. मशिदीला घुमट नाही, एकावर एक चढत गेलेली उतरती छपरं आहेत. तिच्या शेजारीच गरम पाण्याचे झरे आहेत, आणि त्यावर बायकांची व पुरुषांची वेगवेगळी न्हाणीघरं बांधलेली आहेत. पहाटे अजान झाली की टॉवेल खांद्यावर टाकून लोक खाली उतरतात. मीही जायला लागले. तिथल्या बायका अंगावर सारोंग घट्ट बांधून पाण्यात बसतात आणि मनसोक्त गप्पा मारतात. भाषा येत नसूनही मला तिसऱ्या वाक्याला विचारलं गेलं: तुझी खाचरं किती?

मी राहत होते ते घर म्हणजे ‘रुमाह गादांग’, मोठं घर. लांबलचक, लाकडी, जमिनीपासून उंच. खांब पुरलेले नसतात, सपाट दगडांवर नुसते टेकवलेले असतात, म्हणून भूकंपात घर हलतं पण सहसा मोडत नाही. समोरची अर्धी बाजू म्हणजे एकच एक मोकळी ओसरी, आणि मागच्या बाजूला ओळीने खोल्या. प्रत्येक खोली घरातल्या एका विवाहित लेकीची. नवं लग्न झालेल्या मुलीला टोकाची खोली मिळते. धाकटीचं लग्न ठरलं की थोरली पुढच्या खोलीत सरकते, आणि म्हाताऱ्या बायका चुलीजवळ येतात. मुलग्यांना खोलीच नाही. पूर्वी सात-आठ वर्षांचा झाला की मुलगा रात्री ‘सुराऊ’त झोपायला जायचा, म्हणजे कुळाच्या प्रार्थनाघरात. तिथेच कुराण शिकायचा आणि तिथेच ‘सिलेक’ ही त्यांची कुस्तीसारखी युद्धकला. आता मुलं घरीच झोपतात, पण आराखडा तोच आहे: भिंती बहिणींच्या, भाऊ ओसरीवरचा.

जावई तर पाहुणाच. तिकडची जुनी म्हण आहे, जावई म्हणजे खुंटावरची राख, वारा आला की उडाली. त्याला मान असतो, ताटात चांगला तुकडा पडतो, पण जमिनीबद्दल बोलायचा अधिकार नाही. तो अधिकार बायकोच्या भावाचा, म्हणजे मुलांच्या मामाचा. नवरा स्वतः त्याच्या बहिणीच्या घरी मामा म्हणून कारभार बघतो. मूल आईच्या कुळाचं, आणि एकाच कुळात लग्न होत नाही. मी ज्यांच्याकडे राहिले त्यांना ‘उनी’ म्हणायचे, म्हणजे ताई. उनींचे यजमान संध्याकाळी आपल्या आईच्या घरी जाऊन भाच्यांचा अभ्यास घेऊन येत. घटस्फोट झालाच तर कपड्यांची पिशवी घेऊन निघतो तो नवरा. बाई आपल्या आईच्या घरात असतेच. जात्यावरच्या ओव्यांमधून माहेरासाठी डोळ्यांत पाणी आणत आलेल्या आपल्या बायकांना हे सांगायला हवं, असं मला त्या ओसरीवर सारखं वाटत राहिलं.

जमिनीचे दोन प्रकार. स्वतः कमावलेली असेल तर तिची वाटणी शरियतप्रमाणे मुलामुलींत होते. वाडवडिलांची, किंवा खरं तर आया-आज्यांची, जी आहे ती ‘पुसाको तिंग्गी’, म्हणजे वरची ठेव. ती संपूर्ण कुळाची. बहिणींना त्यातली खाचरं कसायला नेमून दिली जातात, काही ठिकाणी आळीपाळीने. ती विकायची नसते. अगदीच निकड असेल तर गहाण टाकता येते, तेही चारच कारणांसाठी: घरात प्रेत असेल आणि अंत्यविधीला पैसा नसेल, मोठ्या घराचं छप्पर गळत असेल, उपवर मुलीचं लग्न अडलं असेल, किंवा कुळाच्या प्रमुखाची रिकामी पदवी नव्या माणसाला द्यायची असेल. गहाण सोन्यात मोजतात. रुपिया या तिकडच्या चलनाची किंमत घसरते, सोन्याची नाही. घेणारा खाचर कसतो आणि पीक खातो, सोनं परत आलं की खाचर परत.

मी असताना यातलं दुसरं कारण प्रत्यक्ष समोर आलं. उनींच्या घराचं छप्पर एका टोकाला गळत होतं. पूर्वी छपराला ताडाच्या काळ्या तंतूंचा जाड थर असायचा, त्याला ‘इजुक’ म्हणतात. आता इजुक महाग झालंय आणि बसवणारे कारागीर फार कमी उरलेत, म्हणून बहुतेक घरांवर पत्रा आहे. पत्रा ठोकायचा की पुन्हा इजुक घालायचं, आणि पैसा कुठून आणायचा, यासाठी घरची बैठक बसली. थोरले मामा मधोमध, बहिणी भिंतीला टेकून. चटईवर तांब्याच्या थाळीत ठेवलेल्या मोबाइलवर जकार्ता आणि पेकनबारूमधले भाऊ. मामांनी विचारलं, खालचं खाचर गहाण टाकायचं का? उनींची आई, ऐंशीच्या घरातली, तोवर एक शब्द बोलली नव्हती. ती म्हणाली, माझ्या आईने दुष्काळात टाकलं नाही, मी टाकणार नाही. विषय तिथेच संपला. जकार्तातल्या भावाने पैसे धाडायचं कबूल केलं. समोरच्या बाजूला इजुक आणि मागे पत्रा असं ठरलं, आणि मग सगळ्यांनी जेवून घेतलं.

तो जकार्तातला भाऊ तिथे का आहे, याचं उत्तर याच जमिनीत आहे. पोराला खाचर मिळत नाही, घरात खोली नाही. एका जुन्या काव्यपंक्तीत त्याला सरळ सांगितलंय: पोरा, आधी परमुलखात जा, घरी तुझा अजून उपयोग नाही. या जाण्याला ‘मरांताऊ’ म्हणतात. इंडोनेशियाच्या कुठल्याही शहरात काचेच्या कपाटात बश्यांचा मनोरा रचलेली पाडांगी खानावळ दिसते, ती बहुधा अशाच एखाद्या घराबाहेर पडलेल्या पोराची. जुन्या पद्धतीच्या खानावळींत आचारी, वाढपी, गल्ल्यावरचा यांना पगार नसतो. नफ्याचे वाटे पाडतात आणि कामाप्रमाणे ते वाटून घेतात. याच मुलखाने स्वतंत्र इंडोनेशियाला बुकिटिंगीचे मोहम्मद हत्ता आणि पाडांग पांजांगचे सुतान शाहरीर दिले, पहिले उपराष्ट्राध्यक्ष आणि पहिले पंतप्रधान. जमीन हलत नाही म्हणून माणसं हलली, असं मी या सगळ्याकडे बघते. ईदला हे लोक गाड्यांचे ताफे घेऊन एकत्र परततात. मशिदीच्या ध्वनिक्षेपकावरून कोणी किती देणगी दिली ते नावानिशी जाहीर होतं, आणि वर्षभर आजी-नातवंडांपुरतं उरलेलं गाव दोन आठवडे भरून वाहतं.

खाण्याबद्दल थोडंच. भात मोकळा, सुटासुटा, आपल्याला आवडतो तसा. जावामधल्या चिकट भाताला इथले लोक नावं ठेवतात. सिंगकाराक तळ्यात मिळणारे ‘बिलिह’ हे बोटाएवढे मासे कुरकुरीत तळून हिरव्या मिरचीच्या खरड्याबरोबर देतात, चव थेट आपल्या तळलेल्या मांदेलीची. पण मला सगळ्यात जास्त भावलं ते ‘कावा दाउन’, म्हणजे कॉफीच्या पानांचा काढा. १८४७ पासून १९०८ पर्यंत डच सरकारने इथे सक्तीने कॉफी लावायला लावली आणि बी सगळं सरकारी वखारीत जमा करायचं. शेतकऱ्याच्या हाती पानं उरली. ती धुरावर सुकवून, मडक्यात उकळून, नारळाच्या अर्ध्या करवंटीतून पितात. करवंटी कलंडू नये म्हणून खाली बांबूचं कांडं. वास लाकडाच्या धुराचा, रंग विटकरी, चव चहा आणि सुकलेलं गवत यांच्या मधली. सोबत तळलेली केळी. लुटीच्या काळातलं हे पेय आज तिथल्या टपऱ्यांवर अभिमानाने मिळतं.

कापणी झाली की चिखलाच्या खाचरांत ‘पाचू जावी’ होते, बैलांची धाव. आपल्याकडच्या शंकरपटाशी नातं आहे, पण स्पर्धा निराळी. जोड्या एकेक करून सोडतात, शर्यत अशी लागतच नाही. बैल सरळ किती धावले ते बघतात. हाकणारा दोन्ही शेपट्या धरून लाकडी दांड्यावर उभा असतो आणि वेग हवा असेल तेव्हा शेपटीला चक्क दातांनी चावतो. बांधावर उभे असलेले गिऱ्हाईक लगेच भाव बोलतात, त्यामुळे सरळ धावलेल्या जोडीची किंमत तिथल्या तिथे चढते. प्राण्यांच्या बाबतीत हे मला बघवलं नाही, हेही लिहायला हवं.

बातुसांगकार या जिल्ह्याच्या गावाजवळ कुबुराजोला चौदाव्या शतकातल्या आदित्यवर्मन राजाचा शिलालेख आहे, तोही संस्कृतात. त्यात तो स्वतःला ‘कनकमेदिनीन्द्र’ म्हणवतो, सोन्याच्या भूमीचा स्वामी. पुढे इथल्या पागारुयुंग राज्याच्या राजघराण्यात वारसा बापाकडून मुलाकडे जात असे, आजूबाजूच्या प्रजेच्या अगदी उलट. पाद्री युद्धाच्या काळात (कट्टर मुस्लिम सुधारक विरुद्ध जुने रिवाज पाळणारे, एकोणिसाव्या शतकात) त्या घराण्याची कत्तल झाली आणि राज्य संपलं. शेतकरी आयांची खाचरं मात्र त्याच बांधांत आहेत.

हे सगळं सोपं किंवा निर्दोष नाही. उनींच्या मुलीला पाडांगला शिकायला जायचं होतं तेव्हा जमिनीवर बँकेचं कर्ज काढता आलं नाही, कारण जमीन एकटीची नाही. बायका राखणदार आहेत, पण पंचायतीत बोलतात ते मामाच. शहरात वाढलेली जोडपी आता स्वतंत्र घर बांधतात, ते नवरा-बायकोच्या नावावर असतं. तरीही त्या घरात बसून मला माझी आई आणि मावशी आठवल्या. भावाचं मन दुखू नये म्हणून साडीचोळीवर समाधान मानून दोघींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये कायदा बदलून लेकींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा दिला, तरी सह्या अजून होतातच. पारियांगानमध्ये कुठलीही लेक अशी सही करत नाही. तिने सही केली तर तिच्या मुलींचं काय, हा प्रश्न तिला आधी विचारला जाईल.

जायचं असेल तर: भारतीयांना विमानतळावर ३० दिवसांचा व्हिसा मिळतो, ५ लाख रुपिया, म्हणजे आपले अडीच-तीन हजार. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे न्या, मशिदीत जायचं तर ओढणी. शुक्रवारी दुपारी सगळं बंद असतं. तिथे घर घ्यावंसं वाटलं, आणि मला वाटलं, तर १९६० च्या जमीन कायद्यानुसार परदेशी माणसाला मालकी हक्क मिळत नाही, आणि कुळाची जमीन तर शेजाऱ्यालाही मिळत नाही. गावात बऱ्याच घरांत राहण्याची सोय आहे. आधी फोन करा, पैसे घरातल्या बाईच्या हातात द्या. पाचू जावी चारेक तालुक्यांत आळीपाळीने होते, तेव्हा या शनिवारी कुठे आहे ते बातुसांगकारला विचारून घ्या. आणि पावसाळ्यात निघण्याआधी अनाईच्या घाटाचा रस्ता चालू आहे ना, याची चौकशी केल्याशिवाय पाडांग सोडू नका.