'सी सी सी सी' ते लॉगिन : बीगलबोन ब्लॅकवर बिल्डरूट बसवताना

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत भट्टीच्या तापमानाची नोंद ठेवायला बीगलबोन ब्लॅक हा एका बोर्डवरचा छोटा संगणक घ्यायचं ठरलं. १ गिगाहर्ट्झचा एआरएम प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम आणि रेव्ह सी ही आवृत्ती असेल तर ४ जीबी ईएमएमसी, म्हणजे बोर्डवरचीच साठवण. बोर्डसोबत येणारं डेबियन लिनक्स चांगलंच आहे, पण इथे फक्त मॉडबस (कारखान्यातल्या यंत्रांची डेटा देण्याघेण्याची पद्धत) वाचणारा एक प्रोग्राम चालवायचा, म्हणून बिल्डरूट, म्हणजे हवं तेवढंच छोटं लिनक्स सोर्सपासून बांधून देणारं साधन. अशाच कामाच्या योक्टो या साधनाची मार्गदर्शिकाच ९० जीबीच्या पुढे रिकामी जागा मागते. एका बोर्डासाठी एवढा पसारा कशाला? बिल्डरूटला २०-२५ जीबी मोकळी ठेवली की निवांत काम होतं.

बिल्डला, म्हणजे ते लिनक्स बांधायला, हात लावण्याआधी मी बोर्डचे संदेश लॅपटॉपवर दाखवणारी सिरीयल केबल लावली. बरेच जण हे शेवटी करतात आणि मग काळ्या स्क्रीनकडे बघत बसतात. बोर्डवरच्या जे१ या सहा पिनांच्या हेडरवर पांढऱ्या ठिपक्याजवळची पिन १ म्हणजे ग्राउंड, ४ म्हणजे बोर्डचा आरएक्स (घेणारी बाजू) आणि ५ म्हणजे टीएक्स (पाठवणारी बाजू). केबलच्या यूएसबी-सिरीयल मॉड्यूलचा टीएक्स बोर्डच्या ४ ला, आरएक्स ५ ला. मॉड्यूलची व्हीसीसी (वीज देणारी) वायर मोकळीच ठेवायची. स्वस्तातल्या मॉड्यूलवर ३.३ आणि ५ व्होल्टचा जंपर असतो. त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. मॉड्यूल लॅपटॉपला लावा, बोर्ड अजून जोडू नका, आणि मल्टीमीटरने ग्राउंड ते टीएक्स मोजा. रिकामी लाईन हाय असते, त्यामुळे ३.३ आहे की ५ ते लगेच दिसतं. ५ दिसलं तर जोडायचंच नाही.

उबुंटू २२.०४ वर दोन अडथळे आले. पहिला नेहमीचा : आपला युजर सिरीयल पोर्ट वापरू देणाऱ्या डायलआउट ग्रुपमध्ये नसतो, टाकल्यावर लॉगआउट करून परत यावं लागतं. दुसरा मात्र डोकं खाणारा. सीएच३४० चिपचं मॉड्यूल लावलं की त्याचा टीटीवाययूएसबी० हा पोर्ट क्षणभर दिसून गायब. दृष्टिहीनांच्या ब्रेल उपकरणांसाठी असलेली बीआरएलटीटीवाय ही सेवा त्याच यूएसबी ओळख क्रमांकाच्या उपकरणावर हक्क सांगते. डीमेसेजमध्ये (लिनक्स कर्नलच्या नोंदींत) तिचं नाव दिसतं. ब्रेल उपकरण वापरत नसाल तर ते पॅकेज काढून टाका. मग पिकोकॉम हा टर्मिनल प्रोग्राम, वेग ११५२००.

आता बिल्ड. डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्समध्ये) करणार असाल तर विंडोजचा पाथ (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांची यादी) बंद करा. त्यातल्या 'प्रोग्राम फाइल्स'सारख्या नावातली स्पेस दिसली की बिल्डरूट सुरुवातीलाच थांबतं. फोल्डरही सी ड्राइव्हवर नको, लिनक्सच्या बाजूला हवा. रूट युजरने मेक ही बिल्डची कमांड चालवायची नाही. बीगलबोनची डेफकॉन्फिग (तयार सेटिंगची फाइल) घेतली की आधी 'मेक सोर्स' द्या, म्हणजे सगळे सोर्स एकदमच उतरतात आणि पुढच्या बिल्डला नेट लागत नाही. डाउनलोडचा फोल्डर बिल्डरूटच्या बाहेर ठेवा, 'डिस्टक्लीन' करताना तो वाचतो.

आमच्याकडे वळीव आला की लाईट जाते, आणि डेस्कटॉपवर ऐन बिल्डमध्ये ती गेली तर पुढच्या वेळी लिंकर (तुकडे जोडून प्रोग्राम बनवणारा) 'फाइल ट्रंकेटेड' म्हणून ओरडू शकतो. डिस्कवर न पोचलेल्या शून्य बाइटच्या ऑब्जेक्ट फाइल्स हे त्याचं कारण. सगळं पुसायची गरज नाही, ज्या पॅकेजवर अडलं त्याच्यापुरतं 'डर्क्लीन' (त्या पॅकेजचा बिल्ड फोल्डर पुसणं) पुरतं.

बिल्डमधून निघालेली इमेज एसडी कार्डवर लिहिली, बोर्ड चालू केला, तर यू-बूटची (कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामची) तारीख जुनीच! म्हणजे बूट ईएमएमसीवरूनच झालं होतं. कार्डवरून हवं असेल तर बोर्डवरचं एस२ बटण दाबून धरत पॉवर द्यायची. रीसेट बटणाने भागत नाही, कारण बूटचा क्रम फक्त पॉवर येताना वाचला जातो. स्क्रीनवर 'सी सी सी सी' अशी रांग लागली तर घाबरू नका : बोर्ड जिवंत आहे, चिपमधल्या रॉमला कार्डवर एमएलओ ही बूटची पहिली फाइल सापडली नाही म्हणून ती सिरीयलवरून मागतेय. माझ्या वेळी कार्डवर इमेज न लिहिता फाइल म्हणून कॉपी झाली होती.

जुन्या लेखांत कन्सोल (संदेश आणि लॉगिनचा सिरीयल पोर्ट) टीटीवायओ० असतो. आताच्या कर्नलमध्ये तो टीटीवायएस० आहे. गेटीमध्ये (लॉगिन दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) जुनं नाव राहिलं तर कर्नलच्या ओळी दिसतात, पण लॉगिन येत नाही.

सर्वांत फसवा एरर पुढे आहे. प्रोग्राम बोर्डवर टाकला, एलएस कमांडमध्ये दिसतो, चालवला की 'नॉट फाउंड'. फाइल आहे, पण ती ज्या लोडरवर (प्रोग्राम मेमरीत चढवणाऱ्या फाइलवर) अवलंबून आहे तो नाही. उबुंटूच्या रेडीमेड एआरएम कंपायलरने ग्लिबसी या सी लायब्ररीचा लोडर धरला आणि बोर्डवर यूक्लिबसी ही दुसरी, छोटी लायब्ररी असली की हेच होतं. रीडएल्फला मायनस एल देऊन 'इंटरप्रीटर'ची ओळ बघा. बिल्डरूटने बनवलेलाच कंपायलर वापरा. दुसऱ्या मशीनवर न्यायचा असेल तर 'मेक एसडीके'.

रोज कार्ड काढघाल नको म्हणून रूट फाइलसिस्टिम एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून शेअर केलेल्या फोल्डरमध्ये, ठेवली. त्यासाठी बिल्डरूटच्या आउटपुटमधला टार्गेट फोल्डर शेअर करू नका, त्यातल्या परवानग्या खऱ्या नसतात. रूटएफएसची टार फाइल सुडोने वेगळीकडे उघडा आणि एक्सपोर्टमध्ये नो रूट स्क्वॉश (बोर्डच्या रूट युजरला रूटचेच हक्क) द्या. बूट आर्ग्युमेंटमध्ये एनएफएसरूटच्या शेवटी 'व्ही३,टीसीपी' लिहा. ते नसेल तर काही कर्नल यूडीपीवरून मागणी करतात आणि उबुंटू २२.०४ चा सर्व्हर ती घेत नाही.