दार उघडले की जागा होणारा कॅमेरा

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी आमच्या धंद्यात मान वर करायला फुरसत नसते. लेकींना माहेरी आणायला अख्खा तालुका एकाच वेळी निघतो आणि महिनोन्‌महिने अंगणात उभ्या असलेल्या गाड्यांच्या बॅटऱ्या नेमक्या त्याच दिवशी बसतात. अमळनेरात धुळे रस्त्याला माझे ऑटो इलेक्ट्रिकचे दुकान आहे. त्या दुपारी दोन गाड्यांचे सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) उघडून ठेवलेले होते आणि तिसरीचा अल्टरनेटर मी खाली उतरवत होतो, तेवढ्यात गुरुजींची पांढरी गाडी दारात येऊन थांबली. डाव्या मडगार्डवर हेडलाइटपासून दरवाजापर्यंत वीतभर रुंदीचा ओरखडा होता आणि पत्रा आत दबलेला होता.

गुरुजी निवृत्त शिक्षक आहेत. एरवी ते माझ्याशी पुस्तकातल्यासारखे मराठी बोलतात, पण त्या दिवशी खाली उतरताच म्हणाले, “भाऊ, कॅमेरामा काहीच नही शे.” गुरुजी अहिराणीवर आले, त्यावरूनच प्रकरण गंभीर असल्याचे मी ओळखले.

गाडीच्या पुढच्या काचेमागचा तो कॅमेरा मीच तीन आठवड्यांपूर्वी बसवला होता. त्यांच्या गल्लीतून रात्री-बेरात्री कडब्याच्या ट्रॉल्या जातात आणि गाडी रस्त्याच्या कडेलाच उभी असते, म्हणून गाडी बंद असतानाही चित्रण चालू राहील अशी सोय त्यांना हवी होती. आदल्या रात्री कोणीतरी गाडीला घासून गेले होते. त्यांचा संशय शेजारच्या ट्रॅक्टरवर होता आणि सकाळीच त्यांनी चार माणसांदेखत शेजाऱ्याला सांगून टाकले होते की, माझ्या कॅमेऱ्यात सगळे आले आहे, नाही म्हणू नको. त्यानंतर घरी जाऊन त्यांनी कार्ड संगणकाला लावले, तर रात्रीचे काहीच नव्हते. “गावले काय सांगू आते?” असे ते मला विचारत होते आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

बसवताना मी काय केले होते, ते आधी सांगितले पाहिजे. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये चार्जर खोचून कॅमेरा चालवणे सोपे असते, पण बहुतेक गाड्यांत चावी काढली की सॉकेट बंद पडते. म्हणून रात्रीच्या चित्रणासाठी तीन तारांचे किट लावतात. ते 12 व्होल्टचे 5 व्होल्ट करून कॅमेऱ्याला देते. काळी तार बॉडीच्या बोल्टवर अर्थिंगला जाते, लाल तार चावी फिरवल्यावर करंट येणाऱ्या फ्यूजवर आणि पिवळी तार चोवीस तास करंट असणाऱ्या फ्यूजवर. लाल तारेचा करंट गेला की गाडी उभी केली आहे हे कॅमेऱ्याला कळते आणि तो पिवळ्या तारेवर रात्र काढतो. फ्यूजची जागा सोडली तर बाकी सगळ्या कामावर मी आजही समाधानी आहे. वायर छताच्या कपड्याआडून घेऊन काचेच्या बाजूच्या खांबातून खाली उतरवली होती. त्या खांबात पडद्यासारखी एअरबॅग घडी घालून बसवलेली असते, म्हणून तार तिच्या मागून, मूळ वायरिंगला बांधत नेली. पुढून नेली असती तर एअरबॅग फुगताना तार चाबकासारखी माणसाच्या तोंडावर आली असती. कॅमेराही लिथियम बॅटरीचा नव्हे, कपॅसिटरचा (बॅटरीऐवजी थोडा करंट साठवणाऱ्या भागाचा) निवडला होता. आमच्याकडच्या वैशाखात काचेमागे तापून लिथियमची बॅटरी फुगते, हे मी पुरेशा वेळा पाहिले आहे.

पिवळ्या तारेसाठी मी टेस्ट लॅम्प, म्हणजे करंट असला की लागणारा दिवा, घेऊन फ्यूज बॉक्स तपासला होता. चावी माझ्या खिशात होती आणि केबिन लाइटच्या फ्यूजवर दिवा लागला, म्हणून मी तिथेच फ्यूज टॅप, म्हणजे फ्यूजच्या जागेतून जादा तार काढायची जोडणी, बसवला. नंतर गाडी लॉक करून पाच मिनिटे थांबलो, तर कॅमेऱ्याची छोटी बत्ती लुकलुकत होती. काम झाले, असे समजून मी पैसे घेतले.

आता गुरुजींचे कार्ड माझ्या संगणकात होते. फाइल फुटलेली नव्हती आणि कार्डही ठीक होते. रात्री नऊ चाळीसला गाडी लॉक झाल्यापासून दहा वाजेपर्यंत अंधारी गल्ली नीट दिसत होती, आणि त्यापुढची फाइल थेट सकाळी सहा दहाची होती. ती फाइल गुरुजींनी पाहिली होती, पण त्यांना त्यात ट्रॅक्टर हवा असल्यामुळे त्यांनी ती पुढे ढकलली असावी. मी ती सुरुवातीपासून लावली. कोणीतरी मागचे दार लावल्याचा आवाज आला, मग गुरुजी बोनेटपुढून चालत डाव्या बाजूला आले, थांबले, वाकले आणि वर पाहिले. त्यांचा चेहरा कॅमेऱ्याच्या अगदी समोर होता. ओरखडा पडताना कॅमेरा झोपलेला होता. ओरखडा दिसताक्षणीचा गुरुजींचा चेहरा मात्र त्याने टिपला होता. गुरुजी माझ्या खांद्यावरून ते पाहत होते, पण काही बोलले नाहीत.

मला त्या चेहऱ्यापेक्षा आवाजाने अडवले. त्या फाइलमध्ये इंजिनाचा आवाज नव्हता. सेल्फ मारल्याचा आवाज तब्बल दोन मिनिटांनी आला. म्हणजे कॅमेरा चावीने नव्हे, दार उघडल्याने जागा झाला होता, आणि चोवीस तास करंट असलेल्या तारेवर असे होण्याचे कारणच नव्हते.

हल्लीच्या गाड्यांत दिवे, लॉक, काचा यांचा कारभार एका छोट्या संगणकाकडे असतो, त्याला बॉडी कंट्रोल मॉड्यूल म्हणतात. दार अर्धवट राहून केबिनचा दिवा रात्रभर जळू नये आणि बॅटरी बसू नये, म्हणून तो काही वेळाने त्या लाइनचा करंट तोडतो आणि दार उघडले की पुन्हा देतो. फ्यूज तपासताना मी दार उघडे ठेवून पायदानाजवळ आडवा पडलो होतो, म्हणजे त्या संगणकाला मीच जागे ठेवले होते. नंतरची पाच मिनिटेही त्याने ठरवलेल्या वेळेच्या आतली होती.

हा निव्वळ अंदाज होता आणि अंदाजावर दुसऱ्यांदा तार हलवायची नाही, असे मी ठरवले. मल्टिमीटरची एक टोकदार पिन फ्यूज टॅपला आणि दुसरी अर्थिंगला जोडून मीटर डॅशबोर्डवर उभा केला, दारे लावली, लॉक केले आणि आम्ही दोघे काचेबाहेर निंबाच्या सावलीत उभे राहिलो. आकडा 12.5 दाखवत होता. पंधराव्या मिनिटाला तो नाहीसा झाला आणि मी टाळी वाजवणार तेवढ्यात लक्षात आले की शून्य आलेले नाही, पडदाच कोरा आहे. मीटर स्वतःची बॅटरी वाचवायला स्वतःच झोपला होता. एवढ्या वर्षांत असा प्रसंग माझ्यावर आला नव्हता.

दुसऱ्यांदा साधा बल्बचा टेस्ट लॅम्प लावला. त्याला झोप येत नाही. गाडी पुन्हा लॉक केली आणि घड्याळ पाहिले. ऊन इतके होते की बोनेटवर हात ठेववत नव्हता. मागे दोन गिऱ्हाइके सेल्फसाठी खोळंबली होती आणि बंद गाडीतला दिवा बघत उभ्या असलेल्या दोन जाणत्या माणसांकडे ती संशयाने पाहत होती. अठरा मिनिटे झाली, एकोणीस झाली. विसाव्या मिनिटाच्या आसपास दिवा एकदम विझला. “गया भाऊ दिवा,” गुरुजी म्हणाले. मी चावीने दार उघडले आणि दिवा लगेच लागला.

पुढचे काम अर्ध्या तासाचे होते. पिवळी तार मी दरवाजांच्या लॉकच्या फ्यूजवर नेली आणि या वेळी बंद गाडीत दिवा लावून तासभर थांबलो, तेव्हा अल्टरनेटरचे कामही उरकून घेतले. एअरबॅग, ब्रेकची एबीएस यंत्रणा आणि इंजिनाचा संगणक यांच्या फ्यूजवर मी काहीही टेकवत नाही. कॅमेऱ्याच्या बाजूला 2 अँपिअरचा फ्यूज ठेवला. आता करंट खरोखर चोवीस तास असल्याने बॅटरीचा हिशेब करावा लागला. हा कॅमेरा उभ्या गाडीत साधारण 250 मिलिअँपिअर ओढतो, म्हणजे दहा तासांत अडीच अँपिअर-तास, आणि त्यांची बॅटरी 35 अँपिअर-तासांची आहे. एका रात्रीला काही होणार नाही, पण आठवडाभर गाडी उभी राहिली तर सेल्फ फिरणार नाही. म्हणून किटमधली व्होल्टेज घसरल्यावर करंट तोडण्याची मर्यादा 12.0 वरून 12.4 वर आणली. जुन्या बॅटरीवर चित्रण लवकर थांबेल, हेही त्यांना स्पष्ट सांगितले, कारण आधीच्या वेळी मी निम्मेच सांगितले होते.

पत्र्याचा खर्च मी देतो म्हणालो, तो त्यांनी नाकारला. मजुरी मी घेतली नाही. शेजाऱ्याकडे मी बरोबर येऊन वायरची चूक सांगू का, असे विचारले, तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि “मीच जाईन” असे पुन्हा पुस्तकी मराठीत म्हणून निघाले. गाडीला कोण घासून गेले, हे आजतागायत कळलेले नाही.

त्या रात्री दुकान बंद केल्यावर मी नोंदवही काढली. केबिन लाइटच्या फ्यूजवर पिवळी तार घेतलेल्या आणखी सात गाड्या सापडल्या. आखाजी झाल्यावर सगळ्यांना फोन केले. सहा आल्या. त्यांतल्या दोन साध्या, जुन्या वायरिंगच्या होत्या आणि तिथे दिवा तासभर विझला नाही; उरलेल्या चार गाड्यांत तो विझला, एकीत तर दहाव्या मिनिटालाच. सातवी गाडी चोपड्याकडची आहे. तिच्या मालकाचा नंबर बंद लागतो, म्हणून तिची ओळ मी लाल पेनाने गोल करून ठेवली आहे आणि चोपड्याचे गिऱ्हाईक आले की त्याला त्या गाडीविषयी विचारतो.