साखरेसारखी दिसणारी पावडर आणि आमच्या मावशी

सकाळचे साडेनऊ वाजले असतील, मी बफर बनवत होते आणि मावशी बॅलन्स रूम, म्हणजे लॅबची वजनकाट्याची खोली, झाडायला आत गेल्या होत्या, तिथूनच त्यांचा आवाज आला, "मॅडम, हितं साखर सांडलीया वाटतं, मुंग्या हुतील." मी मान वर करेपर्यंत त्यांनी बॅलन्सच्या कडेला पडलेली ती पांढरी पावडर एका हाताने दुसऱ्या हाताच्या तळव्यात लोटून घेतली होती. उघडे हात. मी अक्षरशः धावले, त्यांचे हात नळाखाली धरले, साबणाने दोनदा तीनदा धुवायला लावले, आणि त्या माझ्याकडे बघतायत की या पोरीला झालंय काय एवढं. लॉगबुक उघडून बघितलं तर आदल्या संध्याकाळची शेवटची एन्ट्री ॲक्रिलामाइड, २९ ग्रॅम.

ज्या मुलाने ते वजन केलं होतं त्याला जेल कास्ट करायला मीच शिकवलं होतं. टेमेड किती, एपीएस ताजं का बनवायचं (ही दोन्ही जेल सेट करणारी रसायनं), कोंब म्हणजे जेलमध्ये खाचा पाडणारी कंगव्यासारखी पट्टी कशी सरळ ओढायची, सगळं शिकवलं, पण बॅलन्स कसा पुसायचा ते कधी दाखवलंच नाही. त्या दिवसापासून हे लिहायचं डोक्यात होतं.

ज्यांनी कधी प्रोटीन जेल रन केलंय त्यांना ॲक्रिलामाइड माहितीच असतं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, प्रोटीन त्यांच्या आकारमानाप्रमाणे वेगळी करायला जी पारदर्शक जेली लागते ती यापासून बनते, आणि बायोटेक, मायक्रो, बायोकेमिस्ट्रीच्या जवळपास प्रत्येक लॅबमध्ये याची एक बाटली असतेच. जेल सेट झालं की ते पॉलीॲक्रिलामाइड होतं आणि ते फारसं विषारी नाही. विषारी आहे ते सेट होण्याआधीचं, म्हणजे पावडर आणि तिचं सोल्युशन. गोंधळ इथेच होतो, कारण पोरं जेल हातात घेतात, काही होत नाही, मग पावडरचीही भीती जाते.

आणि भीती वाटावी असं त्या पावडरमध्ये दिसायला काहीच नाही हो. ॲसिडचा वास येतो, डायक्रोमेटचा केशरी रंग डोळ्यात भरतो, ब्रोमीनची बाटली उघडली की माणूस आपोआप मागे सरकतो. ही पांढरी, वास नाही, हाताला लागली तर लगेच आग नाही, चटका नाही. पण पाण्यात किती विरघळते बघा, एक लिटर पाण्यात दोन किलोच्या आसपास! म्हणजे तळहाताला आलेल्या घामातसुद्धा ती सहज विरघळते आणि कातडीतून आत जाते. श्वासातून जाते ते वेगळंच. आत गेली की मज्जातंतूंवर परिणाम करते आणि हा परिणाम साठत जातो, रोज थोडं थोडं, आणि काही आठवड्यांनी बोटांना मुंग्या येणं, बधिरपणा, तळहातांना घाम, कातडी सोलवटणं, पायातली ताकद कमी होणं, चालताना तोल जाणं असं सुरू होऊ शकतं. १९९४ साली आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने, याला मानवात बहुधा कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या गटात, म्हणजे २ए मध्ये टाकलंय.

मला स्वतःला पहिल्या वर्षी बोटांच्या टोकांची सालं निघायची. मी थंडी समजून व्हॅसलीन लावत बसले. स्किनच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, हाताने काय हाताळता? तेव्हा आमच्याकडे ग्लोव्हज मोजून मिळायचे, एक जोडी दोन-तीन दिवस धुऊन वापरायची असा अलिखित नियम होता, आणि आतून पावडर लागलेला ग्लोव्ह पुन्हा घालणं म्हणजे ती पावडर कातडीला तासभर बांधून ठेवणंच झालं. ते बंद केलं आणि तीन-चार आठवड्यांत बोटं बरी झाली.

मी हे सांगायला लागले की एक उत्तर हमखास येतं, "अगं चिप्समध्ये पण असतं ते, आपण खातोच की." हो, असतं. आणि ते कसं सापडलं ती गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दक्षिण स्वीडनमध्ये हालांडसोस नावाच्या डोंगरातून रेल्वेचा बोगदा खणत होते, पाणी इतकं झिरपायचं की भेगा बुजवायला ॲक्रिलामाइड असलेला एक सीलंट दाबाने आत भरला. तो नीट सेट झाला नाही, पाण्याबरोबर बाहेर आला, आणि १९९७ च्या शरदात खालच्या ओढ्यातले मासे मेले, ते पाणी प्यायलेल्या गाई उभ्या राहू शकेनात, बोगद्यातल्या काही कामगारांना हातापायांना मुंग्या आणि बधिरपणा. मग त्या कामगारांचं रक्त तपासताना तुलनेसाठी ज्यांचा बोगद्याशी काडीचा संबंध नव्हता अशा लोकांचंही रक्त घेतलं, तर त्यांच्याही रक्तात याच्या खुणा! कुठून आलं हे शोधत शोधत स्टॉकहोम विद्यापीठातल्या मार्गारेटा टोर्नक्विस्ट आणि त्यांचे सहकारी तळलेल्या-भाजलेल्या पिष्टमय पदार्थांपर्यंत पोचले, आणि एप्रिल २००२ मध्ये ते जगाला कळलं. बटाट्यातलं ॲस्पॅराजीन नावाचं अमिनो ॲसिड आणि साखर १२० डिग्रीच्या वर तापले की ते तयार होतं.

आता हिशोब करा. युरोपात बटाट्याच्या चिप्ससाठी जी पातळी ठरवलीय ती किलोला ७५० मायक्रोग्रॅम. बॅलन्सच्या कडेला १०० मिलिग्रॅम पावडर सांडली, म्हणजे चिमूटभरही नाही, तर ती किती चिप्समध्ये असेल? जवळपास १३३ किलो. मावशींच्या तळहातावर त्या दिवशी त्याहून जास्तच होती.

तर वजन करताना नेमकं काय चुकतं ते सांगते, कारण धोका सगळ्यात जास्त तिथेच आहे. फ्यूम हूडमध्ये, म्हणजे हवा बाहेर ओढणाऱ्या कपाटात, बॅलन्स ठेवला की हवेच्या झोतामुळे रीडिंग नाचतं, चौथा आकडा सोडा, दुसराही थांबत नाही. मग पोरं कंटाळून बाहेर येतात, बाहेर डोक्यावर पंखा गरगरतोय, बटर पेपरवर पावडर, आणि डिसेंबरच्या कोरड्या हवेत प्लास्टिकचा स्पॅच्युला असा चार्ज झालेला असतो की दाणे उड्या मारून बाजूला चिकटतात, मी ते डोळ्यांनी पाहिलंय, एकेक दाणा पेपरवरून टुणकन उडतो आणि बॅलन्सच्या काचेला जाऊन बसतो.

यावर उपाय साधा आहे. झाकणाची रिकामी बाटली झाकणासकट बॅलन्सवर ठेवून टेअर करा, म्हणजे रीडिंग शून्य करा, मग ती हूडमध्ये न्या, तिथे अंदाजाने पावडर घाला, झाकण घट्ट लावा, बाहेरून ओल्या टिश्यूने पुसा, ग्लोव्हज बदला आणि मग बाहेर वजन करा. समजा २९ ऐवजी ३१.२ ग्रॅम आली, येऊ दे ना, पावडर परत काढायची नाही, पाणी आणि बिस (बिस-ॲक्रिलामाइड, जेलच्या साखळ्या एकमेकींना जोडणारं) त्या प्रमाणात वाढवायचं. त्याहून बरं म्हणजे १०० ग्रॅमची पूर्ण बाटलीच वापरून टाकायची. हूडमध्ये बाटलीतच पाणी ओतायचं, हलवायचं, सिलिंडरमध्ये काढायचं, दोन-तीनदा खळबळून तेही त्यातच, ॲक्रिलामाइड आणि बिसच्या २९:१ प्रमाणासाठी ३.४५ ग्रॅम बिस (तेही तितक्याच काळजीने, ते काही निरुपद्रवी नाही) आणि एकूण ३४५ एमएल. ३० टक्क्यांचा स्टॉक तयार, स्पॅच्युला लागलाच नाही. विरघळताना बाटली हाताला गार लागते, पहिल्यांदा करणारा दचकतो, तर ते नॉर्मल आहे, पण लवकर विरघळावं म्हणून हॉट प्लेटवर मात्र ठेवू नका, नुसती हलवत राहा. साठ्याच्या पावडरची बाटलीसुद्धा उन्हाच्या खिडकीत किंवा ओव्हनशेजारी नको, कारण साधारण ८४ डिग्रीला ती वितळते आणि मग एकदम पॉलिमराइज होऊन प्रचंड उष्णता बाहेर टाकू शकते.

खरं तर माझं मत विचाराल तर पावडर घ्यायचीच नाही. तयार ३० टक्के सोल्युशन मिळतं, महाग पडतं हे मान्य, पण नुसती पावडरची किंमत बघू नका, ग्लोव्हज, एन-९५, वेळ आणि माणसांचे हात पण त्या हिशोबात धरा. आणि हो, सर्जिकल मास्क या धुळीसाठी उपयोगाचा नाही. ग्लोव्हज नायट्राइलचे, एकावर एक दोन, वरचा लागला की लगेच टाकायचा. ग्लोव्ह घातलेल्या हाताने मोबाईल उचलायचा नाही, दाराची कडीसुद्धा नाही.

सांडलंच तर झाडू नाही, कोरडं फडकं नाही, फुंकर तर अजिबात नाही. टिश्यू ओला करायचा, कडेकडून मध्ये आणत पुसायचं, पिशवीत बंद करायचं, परत एकदा नव्या टिश्यूने. उरलेलं जेल सोल्युशन सिंकमध्ये ओतायचं नाही, ट्यूबमध्येच एपीएस-टेमेड घालून सेट होऊ द्यायचं आणि घन कचऱ्यात टाकायचं, ते थोडंसंच असतं म्हणून चालतं, स्टॉकची आख्खी बाटली मात्र अशी सेट करायला जाऊ नका, भयंकर तापते. जेल सेट झाल्यावर कोंब काढला की वेलमध्ये, म्हणजे त्याने पाडलेल्या खाचांमध्ये, जे पाणी राहतं ना, त्यात न सेट झालेलं ॲक्रिलामाइड असतं, कारण हवेतला ऑक्सिजन वरचा थर सेट होऊ देत नाही. ते पाणी बोटाने झटकणारे मी कितीतरी पाहिलेत.

मावशींच्या हातांना काही झालं नाही, मी महिनाभर रोज विचारत होते, मुंग्या येतात का, बधिर वाटतं का. त्या आधी हसायच्या, मग एक दिवस बसून सगळं नीट समजून घेतलं. आमच्या सेफ्टीच्या पाट्या सगळ्या इंग्रजीत होत्या, आणि रोज सगळ्यात आधी त्या टेबलांना हात लागतो तो मावशींचा! आता बॅलन्सशेजारी मोठ्या अक्षरात मराठीत लिहून लावलंय, "मावशी, इथे पांढरं काही दिसलं तर हात लावू नका, आम्हाला हाक मारा." वजन करणाऱ्याने पुसून लॉगबुकमध्ये सही करायची, सही नसेल तर दुसऱ्या दिवशी बॅलन्स रूमला कुलूप.

गेल्या आठवड्यात त्यांनी हाक मारली. लॉगबुकमध्ये शेवटची एन्ट्री सोडियम क्लोराईड होती, म्हणजे साधं मीठ. तरी मी ग्लोव्हज घातले, टिश्यू ओला केला आणि कडेकडून पुसून घेतलं, आणि मावशी दारात उभ्या राहून बघत होत्या.